दोरीवरचं हवामान : चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विज्ञान दिनाला दोन महिनेही उरले नाहीत. आठवीच्या वर्गात विषय काढला तेव्हा नेहमीची नावं पुढे आली: सौरमाला, ठिबक सिंचन, पाणी शुद्धीकरण. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, हवामान तं आधीपासूनच बदलत आलं म्हणते ना? मंग आताच काहून एवढं?" त्याचे वडील कोळसा खाणीत कामाला आहेत. प्रश्न घरी ऐकलेला असणार, पण प्रश्न खरा आहे. मी घाईत सांगून टाकलं की पूर्वीचे बदल नैसर्गिक होते आणि आताचा माणसामुळे आहे. त्याला ते पटलं नाही हे चेहऱ्यावरच दिसलं. घरी येताना मलाही ते पोकळ वाटायला लागलं. आधीचे सगळे बदल निसर्गाने केले असतील, तर हाही त्यानेच केला नसेल कशावरून?

म्हणून प्रकल्प हाच. पृथ्वीचं हवामान आजवर कशाकशाने बदललं ते शोधायचं, दर वेळच्या कारणाला नाव द्यायचं, आणि आजच्या बदलाला त्यातलं कोणतं लागू पडतं ते तपासायचं.

८ जानेवारी, बुधवार

मोजपट्टी ठरली. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. १ मीटरला १० कोटी वर्षं धरली की दोरी ४५.४ मीटर होते. म्हणजे १ सेंटिमीटरला १० लाख आणि १ मिलिमीटरला १ लाख वर्षं. शाळेच्या फाटकापासून (पृथ्वीचा जन्म) पाण्याच्या टाकीपर्यंत (आज) ती बरोबर मावते.

सुतळी आणली आणि गाठी मारून खुणा करायला घेतल्या. पाचव्या गाठीला सातवीतली एक मुलगी म्हणाली, दोरी कमी होत चालली आहे. खरंच होती. एका गाठीत अडीच सेंटिमीटर सुतळी जाते, म्हणजे पंचवीस लाख वर्षं! सगळ्या गाठी सोडवल्या. आता नायलॉनची दोरी, आणि खुणेला शिंप्याकडच्या रंगीत चिंध्या, सुईदोऱ्याने टाचलेल्या.

११ जानेवारी, शनिवार

जागतिक हवामान संघटनेने काल जाहीर केलं की २०२४ हे आजवरच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश जास्त. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींतही १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष तेच. बातमी वाचून दाखवली. "दीड अंश? आपल्याकडं तं एका दिवसात वीस अंशाचा फरक पडते," असं एकजण म्हणाला. त्याला सांगितलं, हा आकडा एका गावाचा किंवा एका दुपारचा नाही, सगळ्या पृथ्वीच्या वर्षभराच्या सरासरीचा आहे. गेल्या हिमयुगाच्या कळसाला ही सरासरी आजच्यापेक्षा पाच-सहा अंशांनीच कमी होती आणि तेवढ्यात समुद्र १२० मीटर खाली गेला होता. २०२४ च्या आकड्यात एल निनोचाही, म्हणजे प्रशांत महासागर अधूनमधून तापतो त्याचाही, वाटा आहे, तेही सांगितलं. नैसर्गिक भाग लपवला तर पुढचं कुणी का ऐकावं?

१९ जानेवारी, रविवार

इरई पाहून आलो. हा दिवस नीट लिहून ठेवते.

चंद्रपूरजवळ इरई नदी आहे, तिच्यावर धरण आहे. आम्ही गेलो ते इरई गाव वेगळं, पैनगंगेच्या काठचं. अकरा मुलं, भूगोलाचे सर आणि मी, काळीपिवळीत दाटीवाटीने. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं आणि लांबवर सिमेंट कारखान्यांची धुराडी.

तिथला चुनखडक शंभर कोटी वर्षांहून जुना. त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला, आणि त्या गुळगुळीत दगडावर एकमेकांना समांतर ओरखडे, जणू ओल्या मातीवर कुणी दाताळं ओढलं असावं. त्याच्यावर बसलेला थर तर आणखी विचित्र. बारीक मातकट गाळात मुठीएवढे, डोक्याएवढे आणि त्याहून मोठे धोंडे कसेही कोंबलेले. मुलांना विचारलं, नदी दगड असे टाकेल का? आमची मुलं नदीकाठची. लगेच म्हणाली, नाही, नदी निवडते. जड दगड आधी पडतो, रेती पुढे जाते, गाळ सगळ्यात शेवटी बसतो. इथे निवड झालेलीच नाही. काही धोंड्यांच्या बाजू सपाट घासलेल्या आणि त्यांच्यावरही ओरखडे.

बर्फ असंच करतो. हिमनदी तळाशी दगड धरून जमिनीवरून सरकते, खालचा खडक खरवडते, आणि वितळली की लहानमोठं सगळं एकाच जागी सोडून देते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडनने १८७० च्या दशकात या खुणा नोंदवल्या. उष्ण कटिबंधातल्या हिंदुस्थानात हिमनदी होती हे तेव्हा सांगणं सोपं नव्हतं. आजही नाही. मे महिन्यात पारा ४६-४७ वर जाणाऱ्या जिल्ह्यातली ही मुलं त्या ओरखड्यांत बोटं फिरवत बराच वेळ गप्प होती.

वय सुमारे ३० कोटी वर्षं. दोरीवर शेवटापासून ३ मीटर.

मग कारण काय? पहिलं कारण जागेचं. आपली जमीन तेव्हा इथे नव्हतीच. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका एकत्र जोडलेले होते आणि तो सगळा भूखंड दक्षिण ध्रुवाच्या आसपास होता. जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने १९१२ पासून खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा दक्षिणेकडच्या या सगळ्या देशांत सापडणाऱ्या हिमनद्यांच्या खुणा हा त्याच्या बाजूचा मोठा पुरावा होता. दुसरं कारण हवेचं. त्या काळी विषुववृत्ताजवळच्या दलदली जंगलांनी हवेतला कार्बन ओढून घेतला आणि तो न कुजता जमिनीखाली गाडला गेला. हवेतला ऊब धरून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड घटला आणि पृथ्वी गारठली. भूगोलाच्या सरांना खंड सरकण्याचा भाग जास्त आवडतो, मला हा दुसरा. प्रश्न विचारणारा मुलगा इथे पुढे आला. "गाडलं म्हणजे कोळसा?" हो, कोळसा.

त्या जोडलेल्या भूखंडाचं नाव गोंडवन. नाव आलं ते इथूनच, गोंडांच्या मुलखात भूवैज्ञानिकांनी या खडकांना दिलेल्या नावावरून, आणि पुढे ते जगभराच्या पुस्तकांत गेलं. आमच्यातली एक मुलगी गोंड घरातली आहे. परतीच्या वाटेवर तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

२१ जानेवारी, मंगळवार

चिंध्या टाचायला सुरुवात.

फाटकाजवळचे पहिले काही मीटर सगळ्यांत कोड्यात टाकणारे. सूर्य तेव्हा आजच्या सुमारे ७० टक्केच तळपत होता. हिशेबाने पृथ्वी गोठलेली हवी, पण जुन्या खडकांत वाहत्या पाण्याच्या खुणा आहेत. हवेत हरितगृह वायू पुष्कळ होते, त्यांनी ऊब धरून ठेवली. शेवटापासून २४ मीटरवर, २४० कोटी वर्षांपूर्वी, सूक्ष्म जीवांनी सोडलेला ऑक्सिजन हवेत साठायला लागला. त्यामुळे मिथेनची दुलई विरळ झाली आणि मोठं हिमयुग आलं असं मानतात. एक मुलगी म्हणाली, म्हणजे जिवंत प्राण्यांनी हवामान बदलण्याची आपली पहिली खेप नाही. मला हे सुचलं नव्हतं. तिचं वाक्य तसंच फलकावर लावणार आहे.

७.२ मीटर ते ६.३५ मीटर या पट्ट्यात पृथ्वी दोनदा जवळजवळ पूर्ण गोठली. दोन्ही वेळा सोडवलं ते ज्वालामुखींनी. बर्फाखाली खडकांची झीज थांबली, त्यामुळे ज्वालामुखीतून येणारा कार्बन डायऑक्साइड शोषणारं कुणी उरलं नाही. तो लाखो वर्षं साठत गेला आणि बर्फ वितळला.

२.५२ मीटरवर काळी चिंधी. सैबेरियात लाव्ह्याचे पूर आले, आणि वर येताना त्या शिलारसाने जमिनीतले कोळशाचे थर पेटवले. तापमान ८ ते १० अंशांनी चढलं. समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ जाती संपल्या. त्या संहाराचा मुख्य काळ काही दहा हजार वर्षांचा, दोरीवर एक मिलिमीटरही नाही. चिंधी टाचणाऱ्या मुलाने सुई हातातच धरून विचारलं, "त्या वक्ती कोळसा जमिनीनंच जाळला?"

२७ जानेवारी, सोमवार

दोरीवरची २.८ मीटरची खूण आपली. बर्फ वितळल्यावर इथे जंगलं उगवली, दलदलीत गाडली गेली, तोच वर्धा खोऱ्यातला कोळसा. त्याच कोळशावर चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं वीज केंद्र चालतं.

मुलांनी हिशेब केला. कोळशाच्या एका युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. त्यात ४० टक्के कार्बन धरला तर २८० ग्रॅम. १२ ग्रॅम कार्बन जळून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे युनिटमागे साधारण एक किलो. घरचा २०० वॉटचा कुलर पाच तास चालला की एक युनिट. ज्या घरात कुलर आहे तिथल्या मुलांना एकदम ओशाळल्यासारखं झालं. ते मला आवडलं नाही. एप्रिल-मेमध्ये कुलरशिवाय इथे आजारी माणूस, म्हातारं माणूस कसं राहील? तसं सांगितलंही. हिशेब कुणाला दोषी ठरवायला मांडला नव्हता, कार्बन कुठून निघतो आणि कुठे जातो ते समजायला मांडला होता.

चुनखडकाचाही केला. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना राहतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. इरईला ओरखडे पाहिले त्याच जातीचा दगड कोरपना-राजुऱ्याकडे सिमेंटच्या भट्टीत जातो. शंभर कोटी वर्षं दगडात बंद असलेला वायू.

३ फेब्रुवारी, सोमवार

६६ सेंटिमीटरची खूण: दख्खनचा काळा पाषाण. आजही त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरवर जाते, आणि आमच्या जिल्ह्यात माणिकगडच्या डोंगरांपर्यंत त्याची पूर्वेकडची टोकं येतात. बहुतेक लाव्हा दहाएक लाख वर्षांत बाहेर पडला. त्याच सुमाराला मेक्सिकोत लघुग्रह आदळला. डायनासोर संपले त्यात लघुग्रहाचा वाटा किती आणि लाव्ह्याचा किती, यावर अजून वाद आहे. वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरांची हाडं सापडतात, म्हणून मुलांना यात विशेष रस.

ज्वालामुखी दोन उलट कामं करतो हे त्यांना समजावायला अर्धा तास गेला. त्याचा गंधकाचा धूर वर जाऊन सूर्य झाकतो, त्यामुळे थंडी येते, पण ती वर्ष-दोन वर्षांपुरती. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबोने पृथ्वीची सरासरी जवळजवळ अर्ध्या अंशाने खाली आणली होती. इंडोनेशियातला तांबोरा १८१५ मध्ये फुटला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच झाला नाही, पिकं बुडाली. कार्बन डायऑक्साइड मात्र हजारो वर्षं टिकतो आणि उलट ऊब वाढवतो. मग आजची वाढ ज्वालामुखींमुळे असेल का? नाही. आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

याच पाषाणाची दुसरी बाजू आमच्या शेतांत आहे. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि काळ्या खडकाला झिजवतं. झिजलेल्याची कपाशीची काळी माती होते, आणि कार्बन पाण्यात विरघळून समुद्रात जातो, तिथे शिंपल्यांत आणि चुनखडकात बंद होतो. हवा तापली की पाऊस आणि झीज वाढते, गारठली की मंदावते. पृथ्वी स्वतःला सावरते ती अशी. पण या सावरण्याला लाखो वर्षं लागतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाटल्यांचा प्रयोग केला आणि बाद केला. दोन बाटल्या, एकीत साधी हवा, दुसरीत खायचा सोडा आणि व्हिनेगरपासून काढलेला कार्बन डायऑक्साइड, दोन्ही दिव्याखाली. दुसरी जास्त तापली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड आहे, बाटलीत तो हवेसारखा ढवळला जात नाही, आणि या प्रयोगात दिसणारा फरक बराचसा त्यामुळे पडतो. हरितगृह परिणाम वातावरणात जसा घडतो तो हा नव्हे. टाळ्या झाल्यावर हे सांगणं जड गेलं, पण सांगितलं.

त्याऐवजी फलकावर इतिहास येईल. अमेरिकेतल्या युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइड जास्त तापतो असं पाहिलं, आणि हवेत तो जास्त असता तर पृथ्वी अधिक उष्ण असती असं लिहिलं. जमिनीतून परत जाणारी अदृश्य उष्णता हे वायू अडवतात, हे त्यापाठोपाठ टिंडॉलने मोजून दाखवलं. १८९६ मध्ये अऱ्हेनियसने हा वायू दुप्पट झाला तर किती तापेल याचा हिशेब हाताने केला. म्हणजे हा शोध कालपरवाचा नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्या दोरीच्या शेवटी अडचण आली. अलीकडच्या हिमयुगांचा काळ २.६ सेंटिमीटर, आपली मानवजात ३ मिलिमीटर, इथवर ठीक. पण १७५० पासूनची पावणेतीनशे वर्षं दोरीवर मिलिमीटरचा हजारावा भाग पावणेतीन वेळा. केसाची जाडी त्याच्या पंचवीसपट. दाखवणार कसं?

म्हणून दुसरी दोरी. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथे तीन किलोमीटरहून खोल बर्फ छिद्र पाडून काढला आहे. त्यात अडकलेल्या बुडबुड्यांतून ८ लाख वर्षांची हवा मोजता येते. १ मीटरला १० हजार वर्षं धरून मैदानात ८० मीटर. दर मीटरला बांबूची काडी, आणि काडीवर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाएवढ्या उंचीवर लाल दोरा. दहा लाखांत एक भाग म्हणजे एक मिलिमीटर. बांबू फोडून काड्या काढायला एका विद्यार्थ्याचे आजोबा आले. बुरडकाम करणारा हात. ऐंशी काड्या त्यांनी एका दुपारी सारख्या मापाच्या काढून दिल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोरा लागला. पाहत राहावं असं दृश्य. १८ सेंटिमीटरवरून २८ पर्यंत चढतो, परत उतरतो, साधारण दर दहा मीटरला एक टेकडी. शेवटापासून ३३ मीटरवरच्या काडीवर सगळ्यांत उंच, ३० सेंटिमीटर. ही लय पृथ्वीच्या फिरण्याची आहे. तिची कक्षा सुमारे लाख वर्षांत कमी-जास्त लांबट होते, आसाचा कल ४१ हजार वर्षांत बदलतो, आणि आस भोवऱ्यासारखा डुलतो त्याचा फेरा विसेक हजार वर्षांचा. मिलान्कोविचने हे गणित मांडलं.

प्रश्नकर्त्याने इथे नेमकं पकडलं. "मंग आधी गरमी वाढली ना मॅडम, गॅस तं मागून वाढला." बरोबर. हिमयुग संपताना आधी कक्षेने थोडं ढकललं, समुद्र तापले, त्यांनी वायू सोडला, आणि त्या वायूने आणखी तापवलं. तो परिणामही होता आणि पुढे कारणही. पण आज ढकलतंय कोण? कक्षा नाही, तिचा ओढा गेल्या काही हजार वर्षांत हळूहळू थंडीकडे आहे. सूर्य नाही, उपग्रह १९७८ पासून त्याची शक्ती मोजताहेत, ती अकरा वर्षांच्या फेऱ्यात ०.१ टक्का खालीवर होते, वाढत गेलेली नाही. शिवाय सूर्य जास्त तापवत असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात स्थितांबर गार होत आहे आणि खालचा थर तापतो आहे, कारण ऊब खालीच अडवली जाते.

आणि कार्बनवर त्याच्या गावाचा शिक्का असतो. झाडांत, आपल्या अंगात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो, तो काही हजार वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो उरलेलाच नाही. हवेत वाढलेल्या कार्बनमुळे कार्बन-१४ चं प्रमाण पातळ झालेलं मोजलं आहे. हा कार्बन जमिनीखालून आलेला आहे. ६ जानेवारीला मला द्यायचं होतं ते उत्तर हे.

शेवटची काडी बसवली. ७९ मीटर ९७ सेंटिमीटरला दोरा २८ वर आहे. उरलेल्या पावणेतीन सेंटिमीटरमध्ये तो ४२.४ वर जातो. हिमयुगातून बाहेर येताना ८० भाग वाढायला सुमारे सात हजार वर्षं लागली, म्हणजे ७० सेंटिमीटर. १९५८ मध्ये कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर हा वायू मोजायला सुरुवात केली तेव्हापासूनच्या ६६ वर्षांत ११० वाढले. दोरा तिथे उभा आहे, अगदी काडीला चिकटून.

२२ फेब्रुवारी, शनिवार

एका फलकावर "ओझोनच्या छिद्रातून ऊन आत येऊन पृथ्वी तापते" असं लिहिलं होतं. पुसायला लावलं. ते वेगळं दुखणं आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आठ ते दुपारी एक. वाऱ्याने सात काड्या पाडल्या, मुलांनी परत रोवल्या. दुसऱ्या दोरीच्या शेवटी जवळजवळ प्रत्येक जण खाली बसून बघत होता.

त्या मुलाचे वडील पाळी संपवून थेट आले. मुलाने त्यांना फाटकापासून चालवत नेलं, प्रत्येक चिंधीपाशी थांबून कारण सांगत. मी मध्ये पडले नाही. २.८ मीटरच्या खुणेपाशी ते बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "मॅडम, हे सारं थांबवा म्हणणं सोपं हाये. आमी खाऊ काय, तेही कोणी सांगाव." मी म्हटलं, हा प्रश्नही फलकावर हवा होता, आमच्याकडून राहिला. त्यांच्या मुलाने तो खडूने मोठ्या अक्षरात लिहून पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला.

जाताना म्हणाले, खाणीतल्या दगडावर पानांचे ठसे असतात, एक घरी ठेवला आहे.

१ मार्च, शनिवार

दगड आला, गमछात गुंडाळलेला. राखाडी शेल, त्यावर जिभेच्या आकाराचं पान, मधली शीर ठळक, बाजूला जाळीसारख्या बारीक शिरा. ग्लॉसॉप्टेरिस. आपला कोळसा ज्या जंगलांचा, त्यांतलं मुख्य झाड. सैबेरियाचा कोळसा पेटला त्या संहारात ते नाहीसं झालं.

मुलाने तो दोरीजवळ धरून पाहिला. पान २.८ मीटरवर, त्याचा शेवट काळ्या चिंधीपाशी. मधलं अंतर त्याने वितीने मोजलं, दीड वीत भरली नाही. दगड शाळेत ठेवायला दिला आहे, पण उन्हाळ्याच्या सुटीत घरी न्यायचा असं त्याने बजावलं आहे.